गीझरची तपासणी नाकाने

“हल्लीच्या गॅसला पूर्वीसारखा वास राहिला नाही. यातसुद्धा भेसळ करतात लेकाचे!”

हे वाक्य मी बाथरूमच्या दारात उभं राहून ऐकलं, खांद्यावर टॉवेल, हातात साबणाची डबी. बोलणारे माझे सासरे होते. त्या वेळी ते फरशीवर दोन्ही गुडघे टेकून, डोकं बादलीच्या मागे घालून गॅसच्या नळीचा वास घेत होते. मी मागे उभी आहे हे त्यांना माहीत नव्हतं. ते गीझरशी बोलत होते.

आमच्या घरात गेली एकोणीस वर्षं, म्हणजे हा गीझर भिंतीवर चढला त्या दिवसापासून, एक नियम आहे. बाबांनी वास घेतल्याशिवाय कोणी अंघोळ करायची नाही. मागच्या अरुंद गॅलरीत सिलेंडर, तिथून भिंतीला भोक पाडून आत आलेली नळी, आणि बाथरूमच्या भिंतीवर तो पांढरा (मूळचा पांढरा) गीझर. बरोबर सव्वासहाला बाबा आत जातात. गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली बसतो, म्हणून वासही खाली जाऊनच घ्यायचा, हे त्यांचं शास्त्र. शास्त्र खरं आहे, मी नंतर वाचलं. पूर्वी ते नुसते वाकायचे. मग एक गुडघा टेकायला लागले. आता दोन्ही टेकतात आणि उठताना नळाला धरतात, त्यामुळे आमच्या प्लंबरच्या घरी आमच्याबद्दल चांगलं बोललं जातं. उठून झालं की बाबा कारखान्यात द्यायचे तशी खणखणीत आरोळी देतात, “चालू करा!” बाबा एकतीस वर्षं एका कारखान्याच्या सुरक्षा विभागात होते. फाटकावर ‘अपघाताविना इतके दिवस’ असा फळा असायचा, त्यावरचा आकडा रोज सकाळी तेच बदलायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी तो फळा तेवढा घरी आणला नाही, बाकी सगळं आणलं.

या व्यवस्थेत एकच अडचण होती. बाबांना वास येत नव्हता.

दीड वर्षापूर्वी त्यांना मोठा ताप आला. ताप उतरला, आणि जाताना त्यांचं नाक घेऊन गेला. हे आम्हाला कोणी सांगितलं नाही, आमचं आम्हालाच कळलं. एकदा दूध उतू जाऊन, करपून, पातेल्याचा तळ कोळसा झाला, आणि त्या धुरापासून तीन हातांवर बाबा शांतपणे शब्दकोडं सोडवत बसले होते. दुसऱ्यांदा मी बाजारातून आले, तर स्वयंपाकघरात शेगडीचं बटण अर्धवट उघडं, आणि बाबा तिथेच स्टुलावर बसून बुटांना पॉलिश करत होते. मी बटण बंद केलं, खिडकी उघडली. ते म्हणाले, “अगं, वारा येतोय, लाव ती.” मी लावली नाही. पण बोललेही नाही.

कोणीच बोललं नाही. बाबा फिरायला गेले असताना गच्चीवर आमची सभा झाली. सासूबाईंनी सुरुवातीलाच सांगून टाकलं, “एकतीस वर्षं माणसाने दुसऱ्यांचे जीव सांभाळले. आता त्याला म्हणायचं, तुझं नाक गेलं, जा, पेपर वाच? मला नाही जमायचं.”

“मी मुलगा आहे,” नवरा म्हणाला. “मला शोभणार नाही.”

“मग मला शोभेल का?” मी विचारलं.

“तुझं ते ऐकतात.”

बावीस वर्षांत त्यांनी माझं एकदा ऐकलं आहे. शिडी घसरतेय असं मी ओरडले होते तेव्हा. आणि तेही थोडं उशिराच.

शेवटी मांजराच्या गळ्यात घंटा बांधायच्या ऐवजी आम्ही सगळ्यांनी मांजराच्या मागून हिंडायचं ठरवलं. बाबा वास घेतील तो घेऊ द्यायचा, आपण आपला गुपचूप दुसऱ्यांदा घ्यायचा. हे काम कोणी करायचं ते मात्र ठरवायचं राहून गेलं, आणि आमच्या घरात जे काम कोणाचंच ठरत नाही ते सगळेच करतात. नवरा सहा वाजताच दात घासायच्या निमित्ताने आत शिरायचा आणि ब्रश तोंडात धरून नळी हलवून बघायचा. मग बाबा. मग मी, फरशी पुसायच्या निमित्ताने. मग सासूबाई, कारण त्यांचा मुलाच्या नाकावर भरवसा नव्हता आणि सुनेच्या नाकावर कधीच नव्हता. प्रत्येक जण नळी जरा ओढून, जोड जरा पिळून बघायचा. आणि जाताना प्रत्येक जण खबरदारी म्हणून सिलेंडरचा कॉक बंद करून यायचा. कधी एखादा आधीच्याने बंद केलेला कॉक उलटा फिरवून उघडायचा आणि आपण बंद केला असं समजून समाधानाने बाहेर पडायचा.

परिणामी आमची लेक, वय सतरा, डोक्यावर शांपूचा डोंगर घेऊन आतून ओरडायची, “पाणी थंड झालं! कोणी बंद केला?” आणि चारही दिशांनी चार माणसं सज्जनपणे म्हणायची, “मी नाही!”

इथपर्यंत तो आमच्या घरचा नेहमीचा वेडेपणा होता. पुढचं मी हसण्यावारी नेऊ शकत नाही.

एका सकाळी लेक अंघोळीला गेली ती पस्तीस मिनिटं बाहेर आली नाही. तशी ती कधीच लवकर येत नाही. आत गाणी म्हणते, भांडणाचे सराव करते. त्या दिवशी मात्र आतून आवाज नव्हता, फक्त पाण्याचा. मी दार वाजवलं. पुन्हा वाजवलं. कडी निघाली आणि ती दारातच खाली बसली. चेहरा कागदासारखा. “आई, डोकं फुटतंय,” म्हणाली, “उभंच राहता येईना.” गॅलरीत मोकळ्या हवेत बसवल्यावर दहा मिनिटांनी ती जरा माणसात आली.

“जागरणं,” नवरा म्हणाला. “रात्रभर फोन बघायचा.”

“परीक्षेचं टेन्शन,” सासूबाई म्हणाल्या. “काही खात नाही पोर.”

 मी बाथरूममध्ये जाऊन गीझर लावला आणि त्याच्या छोट्या काचेतून आत पाहिलं. ज्योत पिवळी होती, फडफडत होती. गीझरच्या वरच्या कडेला काजळीची दाट मिशी. खिडकीत सासूबाईंनी बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा घट्ट बसवलेला. एक तर थंड वारा यायचा, आणि दुसरं म्हणजे समोरच्या इमारतीतले एक गृहस्थ त्यांच्या गॅलरीत फार वेळ उभे असायचे.

माझं शिक्षण तसं बेताचं, पण हाताला लागेल ते छापील मी वाचते, औषधाच्या बाटलीतला घडी केलेला कागदसुद्धा. गीझरबरोबर आलेली पुस्तिका एकोणीस वर्षं एका खणात, जुन्या लग्नपत्रिका आणि तुटलेल्या घड्याळाखाली पडली होती. मी ती त्या दुपारी अथपासून इतिपर्यंत वाचली. गीझर शक्यतो बाथरूमच्या बाहेर बसवा. वापरताना खिडकी उघडी ठेवा. ज्योत निळी असावी. पिवळी झाली तर वापर ताबडतोब थांबवा. रबरी नळी ठरल्या मुदतीला बदला. जोडांवर साबणाचा फेस लावून गळती बघा. आणि जाड अक्षरांत: वर्षातून एकदा प्रशिक्षित माणसाकडून तपासणी करून घ्या. आमच्या गीझरची एकोणीस वर्षांत एकूण देखभाल अशी: बाबांनी एकदा जुना दात घासायचा ब्रश वापरून तो बाहेरून स्वच्छ केला होता. आणि नाक, रोज.

त्या क्षणी मी ठरवलं की लेक या गीझरच्या पाण्याने अंघोळ करणार नाही, आणि प्रशिक्षित माणूस या घरात येणार. बाबांना न दुखवता. हे शेवटचे तीन शब्द नसते तर पुढचे तीन आठवडे वाचले असते.

गीझरच्या सिलेंडरचा कॉक मी बंद केला (शेगडीचा सिलेंडर वेगळा आहे), आणि पुन्हा कोणी हात लावू नये म्हणून त्यावर गोणपाट टाकून वर कुंडी ठेवली. पाणी शेगडीवर तापवायला सुरुवात केली. दुसऱ्याच दिवशी बाबांनी पकडलं. “गीझर असताना पातेलं कशाला?”

“हिच्या त्वचेसाठी,” मी म्हटलं. “डॉक्टर म्हणाले, शेगडीवरचं पाणी मऊ असतं.”

“असं?” बाबा विचारात पडले. “मग गुडघ्यांनाही चांगलं असेल. मलाही दे.”

सासूबाई म्हणाल्या, त्यांच्या कमरेने काय पाप केलंय. नवरा म्हणाला, सगळ्यांचं तापतंच आहे तर. अशा रीतीने मी रोज पहाटे चार पातेली पाणी तापवू लागले, आणि ती कढत पातेली स्वयंपाकघरातून बाथरूमपर्यंत “सरका, सरका” म्हणत नेऊ लागले. बाबा मात्र नेमाने सव्वासहाला बंद गीझरपुढे गुडघे टेकायचे, वास घ्यायचे आणि “चालू करा!” म्हणायचे. रोज तपासला जाणारा आणि कधीच न वापरला जाणारा, असा सुरक्षित गीझर जगात दुसरा नसेल.

मेकॅनिक शोधायचा म्हणून मी शेजारी विचारलं, ही माझी दुसरी चूक. विचारलं एकाला, सल्ला आला सहा मजल्यांवरून.

समोरच्या त्या गृहस्थांना सगळे अनुभवीच म्हणतात, कारण विषय कोणताही असो, तो त्यांच्या अंगावरून जाऊन आलेला असतो. ते म्हणाले, “मेकॅनिक कशाला? नळीजवळ काडी ओढायची. गळती असेल तर लगेच कळतं. माझे एक काका असंच तपासायचे.”

“आता कुठे असतात ते?”

“नाहीत ना आता,” अनुभवी म्हणाले, आणि त्यांना त्यात काहीही वावगं वाटलं नाही.

वरच्या मजल्यावरच्या शाळामास्तरीण बाई म्हणाल्या, गॅस काढून टाका, विजेचा घ्या. खालच्या मजल्यावरचे म्हणाले, वीज काढून टाका, सूर्याचा घ्या. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने तर गरम पाण्याची सवयच काढून टाका म्हणून सांगितलं, तो स्वतः जन्मात गरम पाण्याने अंघोळ करत नाही. हे त्याच्या शेजारी उभं राहिलं की पटतं. मास्तरीण बाई जाताना सहज म्हणाल्या, “तुमच्या सासऱ्यांना विचारा ना, ते रोज वास घेतात म्हणे!” सगळ्या इमारतीला बाबांचं नाक ठाऊक होतं. ते गेल्याचं ठाऊक नव्हतं.

शेवटी मी बस पकडून गॅस एजन्सीच्या कार्यालयात गेले. तासभर रांगेत उभी राहिले. काचेमागच्या कारकुनाने मान खाली ठेवूनच विचारलं, “काय काम?”

“गीझर तपासून हवाय.”

“कनेक्शन कोणाच्या नावावर?”

“सासऱ्यांच्या.”

“त्यांना पाठवा.”

“त्यांना न कळता करायचंय.”

तेव्हा त्याने मान वर केली. सासऱ्यांना न कळता गॅसचं काहीतरी करू पाहणारी सून त्याने आजवर फक्त बातम्यांत पाहिली असावी. त्याने पेन खाली ठेवलं. मी त्याला भराभर सगळं सांगायला गेले, नाक, ताप, पिवळी ज्योत, आणि माझ्या लक्षात आलं की मी जितकं खरं सांगतेय तितकी जास्त संशयित दिसतेय. माझ्या मागचा माणूस तर अर्धं पाऊल मागे सरकला.

“सासरे हयात आहेत ना?” कारकुनाने विचारलं.

“हो, अगदी ठणठणीत.”

“तिथेच अडतं बघा. नसते तर सोपं होतं. दाखला जोडायचा, नाव बदलायचं, आठ दिवसांत काम.”

“आता हयात आहेत त्याला मी काय करू?”

“तसं म्हणत नाही मी,” तो घाईने म्हणाला. “सर्व्हिस मालकानेच मागावी लागते. तक्रार कोणीही करू शकतं. फोनवर तक्रार नोंदवा.”

घरी येऊन मी फोनवर तक्रार नोंदवली. यंत्रातल्या बाईने तीन पर्याय दिले. ‘ज्योत पेटत नाही’ला माणूस आठवड्याने येतो, ‘इतर’ला कधीच येत नाही, असं मास्तरीण बाईंनी सांगितलं होतं. मी तिसरा निवडला: ‘वास येतो’.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला बाबांचा फोन टिंग वाजला. त्यांनी चष्मा चढवला आणि मोठ्याने वाचलं, “‘आपल्या घरी गॅसचा वास येत असल्याची तक्रार नोंदवण्यात आली आहे.’ माझ्या घरी? मी रोज सकाळी वास घेत असताना?”

चार चमचे चार वाट्यांत थांबले. कनेक्शन ज्याच्या नावावर, निरोप त्याच्या फोनवर, हे एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

“खोडसाळपणा आहे कोणाचा तरी,” नवरा म्हणाला. माझ्याकडे न बघता. नवऱ्यांना हे फार छान जमतं.

बाबा उठले, इस्त्रीचा शर्ट घातला, बस पकडून एजन्सीत गेले आणि तक्रार रद्द करून आले. मी ती संध्याकाळी पुन्हा नोंदवली. त्यांनी सकाळी जाऊन पुन्हा रद्द केली. त्यांचा संशय अनुभवींवर होता. त्यांनी अनुभवींशी बोलणं टाकलं. दोन दिवस अबोला सोसल्यावर अनुभवी स्वतःच घरी आले, हात जोडले आणि म्हणाले, “तुम्हाला कळलंच आहे तर कबूल करतो. तुमचा रविवारचा पेपर चार वर्षं मीच आधी वाचतो. पण घडी घालून परत ठेवतो हो!” बाबांना याची गंधवार्ताही नव्हती. झालं, तक्रारदार सापडलाच नाही, आणि पेपरवरून दुसराच तंटा उभा राहिला.

मी तिसऱ्यांदा तक्रार केली. बाबांनी तिसऱ्यांदा रद्द केली. मी अगदी रडकुंडीला आले. रोज चार पातेली, हाताला दोन चटके, आणि मनात सारखं एकच, की कोणीतरी, एखादा पाहुणा, एखाद्या दिवशी ती कुंडी हलवेल, गीझर पेटवेल आणि कडी लावेल. त्या रात्री मी नवऱ्याला म्हटलं, “अहो, उद्या मी सरळ सांगून टाकते.” तो म्हणाला, “सांग. पण मी घरी नसताना सांग.” सकाळी मी पाण्याचं पातेलं खाली ठेवून बाबांपुढे जाऊन उभी राहिले. ते नळाला धरून उठत होते. मला बघून हसले आणि म्हणाले, “आटपलं बघ. तुम्ही सगळे निर्धास्त अंघोळी करा.” मी म्हटलं, “टॉवेल देऊ का?”

आणि मग एजन्सीचं पत्र आलं. एकाच पत्त्यावरून तीन तक्रारी आणि तीन माघारी, ही बाब गंभीर असून प्रत्यक्ष तपासणी होईल, ग्राहक व सर्व कुटुंबीयांनी हजर राहावे. मला धडकी भरली. बाबा मात्र खुलले. तपासणी म्हणजे त्यांचं माहेरच. त्यांनी गीझर ओल्या फडक्याने पुसला, काजळीची मिशी काढली (मी हळूच म्हटलं, राहू द्या ना, ते म्हणाले, घाण बरी दिसते का?), स्वतःची दाढी गुळगुळीत केली आणि दहाच्या ठोक्याला दारात उभे राहिले.

आली ती एक सडपातळ मुलगी, तिशीच्या आतली, खांद्यावर जड पिशवी, पायांत जाड बूट. तिने नमस्कार केला, बूट बाहेर काढले आणि सरळ बाथरूमकडे गेली. आम्ही पाचही जण तिच्या मागे, वरातीसारखे. तिने आधी खिडकीतला पुठ्ठा ओढून काढला. सासूबाई म्हणाल्या, “अगं, समोर—” ती म्हणाली, “आजी, समोरच्यांचं नंतर बघू.” मग तिने गीझरचं झाकण उघडलं. बाहेरून चकाचक, आत काळाकुट्ट. बर्नरच्या एका टोकाला कोळ्याने प्रशस्त संसार मांडला होता.

“शेवटचा वापरला तेव्हा ज्योत कशी होती?”

“पिवळी,” मी म्हटलं. बाबांनी माझ्याकडे चमकून पाहिलं.

“पिवळी ज्योत, आत काजळी, खिडकी बंद,” ती बोटांवर मोजत म्हणाली. “अशा वेळी गॅस नीट जळत नाही. त्यातून जो वायू होतो त्याला ना रंग, ना वास. नाक कितीही तिखट असलं तरी कळत नाही. आधी डोकं दुखतं, मग चक्कर येते, मग माणूस बसल्या जागी झोपतो. आणि उठत नाही. घरात कोणाला असं काही झालं होतं?”



“मला,” लेक म्हणाली. “तीन आठवडे झाले. मला उभंच राहता येत नव्हतं.”

बाबा वळले. आधी नातीकडे पाहिलं, मग एकेकाकडे. “तीन आठवडे,” ते म्हणाले. “आणि मला कोणी बोललं नाही.”

तेवढ्यात नवऱ्याला एकाएकी फट दिसली आणि तो तिच्यातून उडी मारून पलीकडे गेला. “पण बाबा, त्या वायूला वासच नसतो! ऐकलंत ना? कोणालाच आला नसता! कोणालाच!”

“कोणालाच नाही,” सासूबाई लगेच म्हणाल्या.

“जगात कोणालाच नाही,” मी म्हटलं.

आम्ही तिघं असे आनंदाने त्यांच्याकडे बघत होतो की त्या मुलीला आमच्या डोक्याची शंका आली असावी. बाबांनी सावकाश मान हलवली. “तर मग गळतीचं बघा,” ते म्हणाले. “ते माझं खातं आहे.” आणि ती पिशवीतून काहीतरी काढत होती तेवढ्यात ते गॅलरीत गेले, कुंडी बाजूला केली (“ही इथे कोणी ठेवली?”), गोणपाट काढलं, कॉक उघडला आणि आत येऊन गुडघे टेकून बसले. डोकं बादलीमागे. एक दीर्घ श्वास.

वास मला दारात आला. भपकन आला, घशात बसला. मी सासूबाईंकडे पाहिलं, त्यांनी तोंडाला पदर लावला होता. नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी. लेकीने माझं मनगट धरलं. आणि आम्ही चौघं तोंडात मिठाची गुळणी धरून उभे राहिलो.

“ठीक आहे,” बाबा म्हणाले. “चालू करा!”

“थांबा!” ती मुलगी ओरडली. “कोणी कशाला हात लावू नका. दिव्याचं बटणही नाही. सगळे बाहेर!” दोन ढांगांत ती गॅलरीत गेली आणि कॉक बंद केला. नवऱ्याने बाबांना काखेत धरून उठवलं. आम्ही बाहेरच्या खोलीत आलो, दारं-खिडक्या सताड उघडली, पेपरची पानं खोलीभर उडायला लागली. बाबा दाराजवळच्या स्टुलावर बसले. इस्त्रीच्या पँटवर गुडघ्यांपाशी दोन ओले गोल उमटले होते.

थोड्या वेळाने ती नळी हातात घेऊन आली. तिने ती वाकवून दाखवली. जोडाजवळ नखाएवढी चीर, आ वासलेली. “मुदत तर कधीच संपली आहे. पण ही नुसती जुनी होऊन फाटलेली नाही. रोज कोणीतरी ओढतंय, पिळतंय. आणि हे एका हाताचं काम नाही.”

आम्ही तिघांनी आपापले हात मागे घेतले.

“मला एक कळत नाही,” ती म्हणाली. तिने छापील कागद काढला होता, पेनाचं टोक एका रकान्यावर होतं. “इतका वास येत होता की माझं डोकं भणाणलं. तुम्ही सगळे तिथेच होतात. कोणालाच आला नाही?”

“मला सर्दी आहे,” नवरा म्हणाला आणि खात्रीसाठी शिंकला.

“माझं नाक मेलं लहानपणापासूनच मंद,” सासूबाई म्हणाल्या. याच सासूबाई तिसऱ्या मजल्यावर बसून तळमजल्यावर कोणाची भाजी करपली ते सांगतात.

“मला धुळीची ऍलर्जी,” मी म्हटलं. “सगळं बंदच असतं.”

“मला शांपूशिवाय कसलाच वास येत नाही,” लेक म्हणाली. ती माझीच मुलगी आहे.

त्या मुलीने एकेकाकडे पाहिलं. ती चिडली नव्हती, दमली होती. रोज दहा घरं बघत असेल, दहा घरांत दहा तऱ्हा. “ठीक आहे,” ती म्हणाली. “मग माझा नाइलाज आहे. गीझर तर मी काढायलाच सांगणार. पण ज्या घरात एकालाही गळतीचा वास कळत नाही, तिथे मी शेगडीसुद्धा चालू ठेवू देणार नाही. कनेक्शन बंद, असं लिहिते. पाच माणसं, वास कोणालाच नाही.”

पेन टेकलं.   नवऱ्याने दुसरी शिंक काढायची तयारी केली होती, ती आली नाही.

“लिहू नका,” बाबा म्हणाले.

ते स्टुलावरून उठले नाहीत. उडून पायाशी आलेलं पेपरचं पान त्यांनी उचललं, गुडघ्यावर ठेवून नीट चौपदरी घडी केलं आणि बाजूला ठेवलं.

“या चौघांची नाकं उत्तम आहेत,” ते म्हणाले. “खोटं बोलतायत. माझ्यासाठी बोलतायत, म्हणून इतके दिवस मीही बोलू दिलं.” मग त्यांनी त्या मुलीकडे पाहिलं, कारखान्यात अहवाल द्यायला उभे राहत असतील तसं, ताठ. “मला वास येत नाही, मॅडम. दीड वर्ष झालं.”